शांत दिसणारं पाणीच ओढून नेतं : कोकणात सहलीला जाण्याआधी घरात सगळ्यांनी वाचावं असं

कोल्हापुरातून समुद्र जवळ आहे, आणि हीच एक अडचण आहे. सकाळी फजरनंतर गाडी काढली, मलकापूर, आंबा घाट करत गेलं की दुपारच्या जेवणाला रत्नागिरी. फोंडा घाटातून उतरलं की मालवण, तारकर्ली. ईदचा दुसरा-तिसरा दिवस, मे महिन्याची सुटी, लग्न झाल्यावर पाहुण्यांना घेऊन एक फेरी, असं काही ना काही निमित्त निघतंच. खाला, फुफू, चुलत-मामे भावंडं अशी वीस-पंचवीस माणसं एका ट्रॅव्हल्समध्ये बसतात, मागं बिर्याणीची डेग असते, आणि गाडी थांबली की पोरं चप्पल टाकून थेट पाण्याकडं पळतात.

आपल्यापैकी बहुतेकांना समुद्र वर्षातून एकदा दिसतो. नदी रोज दिसते. पंचगंगेत किंवा शेतातल्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेली पोरं इथं गल्लोगल्ली आहेत आणि त्यांना पाण्याची भीती नसते. समुद्रावर हेच पोहणारे आधी छातीभर पाण्यात जातात. नदीतलं पोहणं समुद्रात का पुरत नाही, हे समजून घेतलं तर बाकीचं आपोआप समजतं.

आधी काही घटना, कारण त्या विसरण्यासारख्या नाहीत. 1 फेब्रुवारी 2016 रोजी पुण्याच्या आबेदा इनामदार महाविद्यालयाची सहल रायगड जिल्ह्यातल्या मुरुडला गेली होती. किनाऱ्यावर पाण्यात उतरलेल्या मुलामुलींपैकी 14 जण परत आले नाहीत, आणि त्यात मुली जास्त होत्या. पुण्यातल्या कितीतरी मोहल्ल्यांत त्या आठवड्यात जनाजे निघाले. पुढच्या वर्षी, 15 एप्रिल 2017 ला, बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचा गट मालवणजवळच्या वायरी किनाऱ्यावर उतरला आणि आठ जण गेले. जुलै 2025 मध्ये रत्नागिरीजवळच्या आरे-वारे किनाऱ्यावर एकाच कुटुंबातले चौघे बुडाले. त्यात मुंब्र्याहून पाहुण्या म्हणून आलेल्या दोघी बहिणी होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला शिरोडा-वेळागरला कुडाळ आणि बेळगाव भागातल्या नातलगांचा गट ओढला गेला, त्यातलेही बहुतेक वाचले नाहीत.

या चारही घटनांत माणूस एकटा गेलेला नाही. घरंच्या घरं, वर्गच्या वर्ग गेले. असं का होतं, ते पुढं येईलच.

समुद्रात माणूस लाटेनं बुडतो असं आपल्याला वाटतं. लाट डोळ्यांना दिसते, तिचा आवाज होतो, म्हणून भीती तिचीच वाटते. पण लाट तर माणसाला किनाऱ्याकडं ढकलत असते. आत ओढतं ते लाटेनं आणलेलं पाणी परत जाताना. हे आपल्याकडच्या एका गोष्टीवरून चांगलं कळेल. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आपण सगळ्यांनी पाहिलाय, कसबा बावड्याजवळचा राजाराम बंधारा घ्या. सगळे बरगे घातलेले असले की मागं पाणी तुंबून शांत उभं राहतं. आता त्यातल्या एकाच गाळ्यातले बरगे काढले तर काय होईल? मागचं सगळं पाणी त्या एका फटीकडं धावेल. फटीच्या तोंडाशी उभ्या राहिलेल्या पैलवानाचाही पाय टिकणार नाही.

समुद्रकिनाऱ्यावर हा बंधारा वाळूचा असतो आणि पाण्याखाली असतो. किनाऱ्यापासून थोडं आत लाटांमुळं वाळूचा एक लांबट उंचवटा तयार होतो. लाट त्याच्यावर येऊन फुटते आणि पाणी अलीकडं टाकते. एकामागून एक लाटा येत राहतात, अलीकडं पाणी साठत जातं, आणि त्याला परत जायला वाट हवी असते. उंचवट्यात जिथं खळगा किंवा तुटलेली जागा असेल तिथून ते सगळं पाणी एकवटून समुद्राकडं धावतं. याला इंग्रजी नावानं रिप करंट म्हणतात. आपण परतीचा प्रवाह म्हणू. तो काही मीटर रुंद असतो, कधी वीस-तीस मीटरही. साधारण वेळी त्याचा वेग सेकंदाला फूट-दोन फूट असतो, पण लाटा मोठ्या असतील तर सेकंदाला दोन मीटरपर्यंत जातो. ऑलिंपिकमधले पोहणारे साधारण याच वेगानं पोहतात, तेही मिनिटभरच. आपला विहिरीत शिकलेला पोरगा त्याच्या उलट पोहून जिंकणं शक्यच नाही.

आता फसवणारा भाग. प्रवाह जिथून बाहेर जातो तिथं तळ खोल असतो, म्हणून लाटा तिथं नीट फुटत नाहीत. दोन्ही बाजूंना पांढरा फेस उसळतोय आणि मधल्या पट्ट्यात पाणी शांत, जरा काळपट किंवा गढूळ, वरून बारीक खळखळतंय, असं चित्र दिसतं. बायका-मुलांना घेऊन आलेला माणूस विचार करतो, इथं लाटा कमी आहेत, इथंच उतरू. म्हणजे काळजी घ्यायची म्हणून तो नेमका बरगे काढलेल्या गाळ्यात जाऊन उभा राहतो. किनाऱ्यावर जरा उंच जागी उभं राहून पाहिलं तर हा पट्टा ओळखू येतो. फेस, गवत, नारळाची करवंटी असं काही बाहेरच्या बाजूला सरकताना दिसलं, तर शंका ठेवू नका. किनाऱ्यावर उभं राहून दहा-पंधरा मिनिटं नुसतं पाहायचं. लाटांचं असं असतं की काही वेळ लहान लहान येतात आणि मग तीन-चार मोठ्या लागोपाठ येतात. त्या मोठ्यांनंतर परतीचा प्रवाह एकदम जोर धरतो. पोचल्या पोचल्या पाण्यात उतरणाऱ्याला हे कळायची सोयच नसते.

खडकांच्या कडेनं आणि खाडीच्या तोंडाशी हा धोका जवळजवळ कायमचा असतो. तारकर्लीच्या पुढं देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, ती जागा फोटोसाठी सुंदर आहे, पोहण्यासाठी नाही. गणपतीपुळ्याच्या बुडण्याच्या बातम्यांत कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीची नावं आपण वर्षानुवर्षं वाचत आलोय.

नदीचं आणि समुद्राचं आणखी एक वेगळेपण सांगायला हवं. नदीत ओढ एकाच दिशेनं असते आणि दोन्ही बाजूंना काठ असतो. वाहत गेलं तरी पुढं कुठंतरी काठाला लागता येतं. समुद्रात काठ एकच, आणि प्रवाह नेमका त्याच्या उलट नेतो. शिवाय कमरेएवढं पाणी पुढच्या पावलाला गळ्याएवढं होतं, कारण पायाखालची वाळू प्रवाहाबरोबर निघून जाते. घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून लाट परतताना टाचेखालची वाळू सरकल्याची गुदगुली सगळ्यांना आवडते. कमरेएवढ्या पाण्यात तीच गोष्ट जीव घेते. एक घनमीटर पाण्याचं वजन टनभर असतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता वेळेबद्दल. हे आपल्या घरांसाठी विशेष महत्त्वाचं आहे आणि सहसा कुणी सांगत नाही. भरती-ओहोटी चंद्रावर चालते आणि आपले सणही. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास समुद्राला उधाण असतं, म्हणजे भरती जास्त वर चढते आणि ओहोटी जास्त खाली जाते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा चढउतार कमी. रमजान ईद कायम नव्या चंद्राची. म्हणजे ईदचा दुसरा-तिसरा दिवस, आपला सहलीचा ठरलेला दिवस, दरवर्षी न चुकता उधाणात येतो.

कोळी बांधवांचा एक जुना ठोकताळा आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. ईदच्या दुसऱ्या दिवशी तिथी साधारण तृतीया-चतुर्थी असते, म्हणजे ठोकताळ्यानं भरती दुपारी सव्वादोन-तीन वाजता पूर्ण. प्रत्यक्षात रत्नागिरी-मालवणकडं ती मुंबईच्या थोडी आधी होते, दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान धरा. आपण काय करतो? दुपारी पोचतो, जेवतो, जोहर पढतो, जरा आडवं होतो आणि ऊन उतरलं की चार-पाचला पाण्यात जातो. नेमकी तेव्हा उधाणाची ओहोटी जोरात सुटलेली असते. पाणी उतरू लागलं की वाळूच्या उंचवट्यावर पाणी कमी होतं, परतीचं सगळं पाणी खळग्यांतूनच जाऊ लागतं आणि प्रवाह तेज होतो. मुंबईकडं उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो, दक्षिणेला मालवणकडं तो दोन मीटरच्या आसपास येतो. दोन मीटर म्हणजे उंच माणूस बुडून वर पाणी उरेल इतका.

बकरी ईद दहा तारखेची, म्हणजे भांगाच्या दिवसांतली. म्हणून ती सुरक्षित, असं मात्र समजू नका. 2022 ते 2025 या चारही वर्षी ती जून-जुलैत आली होती. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. पिढ्यानपिढ्या दर्यावर पोट असलेला मिरकरवाड्याचा माणूस ज्या महिन्यांत बोट किनाऱ्याला ओढून ठेवतो, त्या महिन्यांत आपण पाण्यात उतरून रील काढायची, हे कुठलं शहाणपण? वर सांगितलेली मुरुडची घटनाही उधाणातली नव्हती, ती कृष्ण अष्टमीच्या आसपासची. आरे-वारेचीही पौर्णिमा-अमावास्येच्या दिवसातली नव्हती. चंद्र एक भाग, लाटा दुसरा. लाटा मोठ्या असतील तर कुठल्याही तिथीला प्रवाह सुटतो. पावसाळ्यानं विस्कटलेली वाळू ऑक्टोबरमध्येही पूर्ण बसलेली नसते, त्यामुळं पाऊस संपला म्हणजे समुद्र मोकळा झाला असं धरून चालत नाही.

आणि आभाळ निरभ्र असलं म्हणून लाटा लहान असतील असंही नाही. एप्रिल-मेमध्ये कधी कधी हजारो किलोमीटर दूर, दक्षिणेच्या महासागरात उठलेल्या वादळाच्या लांब लांब लाटा आपल्या किनाऱ्यावर येऊन थडकतात. इथं वाराही नसतो. केरळात याला कल्लक्कडल म्हणतात, चोर समुद्र. मे 2024 मध्ये कन्याकुमारी जिल्ह्यात असाच इशारा असताना किनाऱ्यावर गेलेले पाच वैद्यकीय विद्यार्थी वाहून गेले. हे इशारे हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था देते. भरतीची वेळही मोबाइलवर मिनिटात मिळते. हॉटेलचं बुकिंग पाहणाऱ्या पोराला हेही पाहायला सांगा.

तरीही कुणी सापडलं तर?

पहिली गोष्ट, परतीचा प्रवाह माणसाला खाली खेचत नाही, बाहेर नेतो. लाटा फुटतात त्या रेषेच्या थोडं पलीकडं गेला की बहुतेक वेळा त्याचा जोर संपतो. माणूस बुडतो तो दमून. किनारा समोर दिसत असतो, आई हाका मारत असते, म्हणून तो सगळा जीव एकवटून सरळ किनाऱ्याकडं हात मारतो आणि दोन मिनिटांत संपतो. त्याऐवजी पाठीवर पडून तरंगायचं, तोंड आणि नाक वर, एक हात उंच करून हलवायचा. पोहता येत असेल आणि दम असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहायचं, जिकडं लाटा पांढऱ्या फुटताहेत तिकडं. बंधाऱ्याचं उदाहरण पुन्हा घ्या : गाळ्यातून उलटं वर चढता येत नाही, पण बाजूच्या खांबाकडं सरकता येतं. पांढऱ्या फेसात आलं की लाटाच किनाऱ्याकडं ढकलतात.

खरं नुकसान होतं ते किनाऱ्यावरच्यांचं. बहीण वाहतेय म्हणून भाऊ उडी घेतो, भाऊ दिसेना म्हणून चुलत भाऊ, मग मेव्हणा. हाताला हात धरून साखळी करतात, मधल्या एकाचा पाय सुटला की सगळी साखळी त्याच गाळ्यात ओढली जाते. घरंच्या घरं जातात ती बहुधा अशी. आपल्या माणसाला बुडताना पाहत उभं राहा, असं सांगणं कुणालाही जमणार नाही आणि कुणी ऐकणारही नाही. म्हणून हातात काहीतरी असलं पाहिजे, हे आधीच ठरवून जा. तेलाचे पाच लिटरचे रिकामे कॅन, झाकण घट्ट लावलेले, दोन-तीन गाडीत टाका. पाण्यात माणसाला फक्त तोंड वर ठेवायला आधार लागतो आणि एक कॅन तेवढा आधार देतो. त्याला दहा-वीस मीटर नायलॉनची दोरी बांधली तर आणखी चांगलं. फुटबॉल, पाण्याचा मोकळा जार, काहीही चालेल. फेकायचं, ओरडायचं, बोट दाखवत राहायचं. एका माणसानं बुडणाऱ्यावरची नजर काढायचीच नाही, कारण लाटांत डोकं एकदा दिसेनासं झालं की शोधणं कठीण. जवळ बोटवाले, वॉटर स्पोर्ट्सवाले असतील तर एकानं त्यांच्याकडं पळायचं. फोन 112 वर, सागरी पोलिसांचा 1093, तटरक्षक दलाचा 1554.

गोव्यात सरकारनं 2008 पासून दृष्टी मरीन या कंपनीचे जीवरक्षक किनाऱ्यांवर ठेवले आहेत. लाल झेंडा म्हणजे पाण्यात जायचं नाही, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधली जागा पोहण्याची. आपल्या कोकणात काही ठिकाणी ग्रामपंचायतीचे जीवरक्षक आहेत, कितीतरी किनाऱ्यांवर कुणीच नसतं, फक्त एक गंजलेला फलक. माणूस नसलेल्या सुंदर किनाऱ्याला आपण 'गर्दी नाही, मस्त आहे' म्हणतो. बायकांना पडद्याच्या सोयीसाठीही असा किनारा बरा वाटतो. पण गर्दी नाही म्हणजे वाचवायलाही कुणी नाही. पाण्यात उतरायचं असेल तर जीवरक्षक असलेलाच किनारा निवडा. एकांत हवा असेल तर तिथं वाळूवर बसा. आणि किनाऱ्यावरच्या नारळपाणीवाल्यानं, होडीवाल्या चाचांनी 'आज नको' म्हटलं तर वाद घालू नका. त्यांना आपल्या सहलीचं वाकडं नसतं.

कपड्यांबद्दल मोकळेपणानं बोलू. बुरखा, अबाया, ओढणी, सलवार, किंवा पोरांची जीन्स, ओलं कापड पाण्यात नुसतं जड होत नाही, ते प्रवाहाला धरायला जागा देतं. पाय उचलेनात, ओढणी गळ्याभोवती किंवा पायात गुंतते, आणि लाटेत पडलेल्या बाईला उठता येत नाही. म्हणजे घोट्याच्या वर पाण्यात जायचं असेल तर अंगभर पण अंगाला बसणारे, पोहण्याचेच कपडे हवेत. असे पूर्ण झाकणारे पोशाख आता बाजारात मिळतात. ते नसतील तर घोट्याएवढं पाणी हीच हद्द, आणि लहान मूल कडेवर घेऊन तेवढंही नको.

याच्या मागचा मोठा प्रश्न असा की आपल्या मुलींना पोहायला शिकवलंच जात नाही. पोरं विहिरीवर शिकतात, मुली बघत बसतात. तलावांवर स्त्रियांसाठी वेगळी वेळ असते, स्त्री प्रशिक्षकही मिळतात, चौकशी केली पाहिजे. निदान पाठीवर पडून तरंगणं तरी प्रत्येक मुलीला यायला हवं. ते काही दिवसांत जमतं. मुस्लिम बोर्डिंगसारख्या आपल्या संस्थांनी आणि मोहल्ल्यातल्या मंडळांनी सुटीत मुलामुलींसाठी असा वर्ग घेतला, सोबत प्रथमोपचाराचा एक दिवस ठेवला, तर खर्च एका जेवणावळीपेक्षा कमी येईल.

प्रथमोपचाराबद्दल एवढंच. पाण्यातून काढलेल्या माणसाला उलटं टांगणं, पोट दाबून पाणी काढणं, गरगर फिरवणं, हे सगळं जुनं आणि घातक आहे. त्यात जाणारी मिनिटं त्याच्याकडं नसतात. त्याला कडक जागेवर उताणं झोपवा. श्वास चालत नसेल तर हनुवटी वर करून, नाक दाबून तोंडानं पाच श्वास द्या, छाती वर येते का पाहा. मग छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात आणि भराभर 30 दाब, पुन्हा दोन श्वास, असं 108 ची गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. बाई आहे, मुलगी आहे म्हणून हात लावायला कुणी पुढं येत नाही असं होता कामा नये. घरातल्या बायकांनाच हे येत असेल तर तो प्रश्नच उरत नाही. आणि जो शुद्धीवर आला, उठून बसला, 'मी ठीक आहे' म्हणाला, त्यालाही गाडीत घालून तसाच घरी आणू नका. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होतो, तोवर गाडी घाटात असते आणि तिथून सगळी रुग्णालयं दूर. त्याला आधी रत्नागिरीच्या किंवा जवळच्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात दाखवा, रात्रभर डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवा, परतीचा प्रवास दुसऱ्या दिवशी केला तरी चालेल.